नैसर्गिक फरशी निवडताना: आधी खालची ओल, मग गोंद, मग फळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तळमजल्यावर पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांत जुनी, काळवंडलेली मोझॅक फरशी आहे. मागच्या खोलीत, जिथे आजी राहतात, नुसता कोबा आहे. वरच्या मजल्यावर तुमची आणि बाळाची खोली, तिथेही कोबाच. सगळीकडे नैसर्गिक, पर्यावरणाला कमी त्रास देणारे साहित्य घालायचे आहे. विक्रेता बांबू सुचवतो, सुतार लाकूड सांगतो, नातेवाईक म्हणतात टाइल्स सोडून दुसरे काही टिकत नाही. बाळ रांगते, आजींचे गुडघे दुखतात. कोणाचे ऐकायचे?

तिघेही आपापल्या अनुभवाने बोलत आहेत, पण तिघांचेही लक्ष फक्त वरच्या थराकडे आहे. मी पंचवीस वर्षे घरांच्या जमिनी करतो आहे. या काळात ज्या जमिनी उखडून टाकाव्या लागल्या, त्यांतल्या फारच थोड्या साहित्य चुकीचे निवडल्यामुळे गेल्या. बाकीच्या खालच्या ओलीने गेल्या, गोंदामुळे गेल्या, किंवा एका कोपऱ्यातला डाग दुरुस्त करता येईना म्हणून सबंध काढल्या गेल्या. उखडलेली फरशी कितीही नैसर्गिक असली तरी तिच्या जागी दुसरी बनवावी लागते, वाहून आणावी लागते, बसवावी लागते. म्हणून माझा पहिला हिशेब वर्षांचा असतो. नीट बसवलेली भरीव लाकडाची जमीन शंभर वर्षे चालते. दहा वर्षांत उचकटलेला बांबू किती झपाट्याने वाढतो, याला मग काही अर्थ उरत नाही.

ओलीपासून सुरुवात करू. तळमजल्यावर मातीतली ओल कोब्यातून वाफ होऊन सतत वर येत असते. उघड्या कोब्यावर ती दिसत नाही, कारण आल्या आल्या हवेत उडून जाते. वर काही अंथरले की तिची वाट अडते आणि ती तिथेच साठते. आजींच्या खोलीत हे करून बघा: दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर पसरा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. किमान १६ तास हात लावू नका. मी दोन दिवस ठेवतो. मग उचला. प्लास्टिकला आतून घाम आला असेल, किंवा त्याखालचा कोबा आजूबाजूपेक्षा काळपट दिसत असेल, तर त्या जमिनीवर लाकूड, बांबू, बूच, लिनोलियम यांतले काहीही चिकटवायचे नाही. एकच तुकडा लावून थांबू नका. बाहेरच्या भिंतीजवळ, न्हाणीघराच्या बाजूला आणि खोलीच्या मध्यावर असे तीन लावा. आणि कोरडे निघाले तरी ते त्या दिवसापुरते उत्तर आहे, वर्षातल्या सर्वांत दमट दिवसांत एकदा पुन्हा बघा.

कोबा नवा असेल तर घाई अजिबात नको. चांगली हवा खेळत असेल तर तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाळतो असे आम्ही धरतो, म्हणजे ५० मिलिमीटरला जवळजवळ दोन महिने. जाडी त्याहून वाढली की वेळ त्या प्रमाणापेक्षाही जास्त लागतो.

हे मी चूक करून शिकलो आहे. सुरुवातीच्या काळात एका घरी राहायला येण्याची घाई होती, म्हणून तीन आठवड्यांच्या कोब्यावर मी बांबूच्या फळ्या चिकटवल्या. दोन महिन्यांनी बोलावणे आले. सकाळची वेळ होती, खिडकीतून तिरपे ऊन येत होते, आणि त्या उन्हात सगळी जमीन पन्हाळी पत्र्यासारखी दिसत होती. प्रत्येक फळीच्या कडा वर, मधला भाग खोल. अनवाणी चाललो तर प्रत्येक पावलाला कडा टोचत होती. फळीची खालची बाजू ओलीने फुगते, वरची कोरडी बाजू तशीच राहते, आणि फळी वाटीसारखी वळते. त्यावर मी दुसरी चूक केली. मशीन लावून वर आलेल्या कडा घासून सपाट केल्या. काही महिन्यांत कोबा वाळला, फळ्या आपल्या जागी परतल्या, आणि घासलेल्या कडा खाली जाऊन मध्य वर आला. ती जमीन शेवटी काढावी लागली. तेव्हापासून वाटी धरलेल्या फळीला मी हात लावत नाही. आधी ओल कुठून येते ते शोधून थांबवतो, फळी वाळू देतो, मगच घासायचे की नाही ते ठरवतो.

लाकूड आणि बांबू हवेतल्या दमटपणानेही हलतात. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत बदलते, आणि किती बदलते ते फळी खोडातून कशी कापली यावर ठरते. लाल ओकचे उदाहरण घ्या: ओल्या लाकडापासून पूर्ण सुके होईपर्यंत ते वार्षिक वलयांच्या दिशेने साधारण ८.६ टक्के आकसते, पण गाभ्याकडून सालीच्या दिशेने फक्त ४ टक्के. म्हणजे ज्या फळीच्या तोंडावर वलये उभी दिसतात ती निम्मीच हलते. सुताराला अशाच फळ्या निवडायला सांगा. रुंद फळीचा मोह आवरला तर आणखी बरे. माल घरात आल्यावर गठ्ठे सोडून, मध्ये काठ्या घालून, त्याच खोलीत एक-दोन आठवडे राहू द्या. बसवताना भिंतीलगत ८ ते १२ मिलिमीटर फट ठेवायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही फट वाया गेलेली जागा वाटते म्हणून काही कारागीर ती भरून टाकतात, आणि दमट दिवसांत जमीन मध्येच तंबूसारखी वर येते.

आता गोंद. 'नैसर्गिक' या शब्दाची खरी परीक्षा इथे होते. बांबूची फळी म्हणजे चिरलेले बांबू एकमेकांना चिकटवून केलेला ठोकळा. प्लायवुड किंवा एचडीएफवर (लाकडाचा बारीक लगदा गोंदाने दाबून केलेला कठीण पत्रा) बसवलेली लाकडी फळीही गोंदावरच उभी असते. पुष्कळदा हा गोंद युरिया फॉर्मल्डिहाइड जातीचा असतो, आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे थोडा थोडा सुटत राहतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. जमिनीपासून एक फुटावर नाक ठेवून रांगणाऱ्या बाळासाठी हा विषय मला फळीच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. फिनॉल फॉर्मल्डिहाइड जातीच्या गोंदातून हा वायू खूपच कमी सुटतो, आणि फॉर्मल्डिहाइड अजिबात नसलेले गोंदही मिळतात. म्हणून विक्रेत्याला 'इको आहे का' असे विचारू नका, त्याला कोणीही हो म्हणेल. 'फळीच्या आत कुठला गोंद आहे, आणि उत्सर्जनाचा चाचणी अहवाल दाखवता का' असे विचारा. युरोपातल्या ई-१ वर्गाची मर्यादा ०.१ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भागाच्या, आसपास आहे. ती किमान अट समजा. ब्लू एंजल, ग्रीनगार्ड, फ्लोअरस्कोअर ही चिन्हे घरातल्या हवेत सुटणाऱ्या वायूंबद्दल असतात. पण ही चिन्हे फळीची. ती जमिनीला चिकटवायला कारागीर जो डबा उघडतो, त्याची चौकशी वेगळी करावी लागते.

घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट: नमुन्याचा तुकडा झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी झाकण उघडून हाताने हवा नाकाकडे ओढा, थेट बरणीत नाक घालू नका. डोळ्यांना झोंबणारा, घशाला लागणारा वास आला तर तो माल परत करा. वास आला नाही म्हणजे सगळे ठीक असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नका, अहवाल मागायचाच.

गोंद टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या फळ्या, ज्या नुसत्या अंथरल्या जातात, किंवा खाली पट्ट्या टाकून खिळ्यांनी ठोकलेली जमीन. ती उद्या काढता येते, दुसऱ्या घरात नेता येते, एखादी फळी बदलता येते.

आता एकेका साहित्याबद्दल बोलतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण तुमच्या घराला सगळी सारखी लागू नाहीत.

बांबू. हे गवत आहे. जमिनीसाठी मुख्यतः मोसो जातीचा बांबू वापरतात. काही महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, पण कठीण व्हायला पाच-सहा वर्षे घेतो. लवकर तोडलेला बांबू दिसायला तसाच असतो आणि खुर्चीच्या पायाने दबतो. बाजारात जो मधासारखा तपकिरी बांबू मिळतो तो वाफेने भाजून रंगवलेला असतो, आणि या प्रक्रियेत तो थोडा मऊ पडतो. तंतू दाबून केलेला 'स्ट्रँड वोव्हन' प्रकार फार कठीण असतो, पण त्यात राळ, म्हणजे गोंदच, भरपूर असते. म्हणून बांबू घ्यायचा तर बांबूचे वय, गोंद आणि अहवाल या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच.

लाकूड. भरीव लाकडाला माझी पहिली पसंती, पण ते कुठून आले हे कळले तरच. जंगल नीट राखून काढलेल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत: फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल म्हणजे एफएससी १९९३ पासून, पीईएफसी १९९९ पासून. एफएससीचे शिक्के तीन: शंभर टक्के, मिक्स आणि रिसायकल्ड. फळीवरचा शिक्का पुरेसा नाही, बिलावर प्रमाणपत्राचा क्रमांक यायला हवा, आणि तो एफएससीच्या सार्वजनिक नोंदीत तपासता येतो. त्याहून चांगले म्हणजे पाडलेल्या इमारतीतले जुने लाकूड. ते हळूहळू वाढलेले, घट्ट वलयांचे असते आणि त्याच्यासाठी नवे झाड पडत नाही. फक्त रंध्याखाली घालण्याआधी दर फळीवरून लोहचुंबक फिरवा. एक तुटका खिळा पाते बरबाद करतो. आणि जुन्या रंगाचे थर कोरडे घासू नका. जुन्या रंगात शिसे असू शकते, आणि शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते.

एक खुलासा इथेच करतो, कारण यावर लोक हमखास फसतात. 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून मिळणारे लॅमिनेट म्हणजे लाकडाचे चित्र छापलेला कागद, वर मेलामाइनचा थर, खाली एचडीएफ. त्याला घासता येत नाही, पाणी शिरले की सांधे फुगतात. लाकडाचा खरा पण पातळ थर असलेली इंजिनिअर्ड फळी वेगळी. तिच्या वरच्या थराची जाडी विचारा. ३-४ मिलिमीटर असेल तर आयुष्यात एक-दोन वेळा घासून नवी करता येते, त्याहून पातळ असेल तर नाही.

बूच. आजींच्या गुडघ्यांसाठी आणि बाळाच्या पडण्यासाठी मला याहून चांगले काही माहीत नाही. बूच म्हणजे एका जातीच्या ओकची साल. झाड तोडत नाहीत, साल सोलतात. पहिली सोलणी झाड साधारण पंचवीस वर्षांचे झाल्यावर, नंतर दर नऊ वर्षांनी, आणि झाड दीडशे-दोनशे वर्षे जगते. जगातले जवळजवळ निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचीच कापटी पाहिली आणि त्यातल्या कप्प्यांना 'सेल' म्हटले. तेच हवेने भरलेले बंद कप्पे पायाखाली दबतात आणि परत वर येतात, पायाला थंडी लागू देत नाहीत, आवाज गिळतात. फरशीचे बूच बहुतांशी बाटल्यांची बुचे कापून उरलेल्या चुऱ्यातून दाबून करतात, म्हणजे ते उरल्यासुरल्याचा उपयोग आहे. त्याचे दोष: थेट उन्हात रंग उडतो, जड कपाटाच्या पायांचे वळ राहतात, आणि चाकांच्या खुर्चीला ते सोसत नाही. घेताना कड तपासा. वर बुचाचा पातळ पापुद्रा, मध्ये एचडीएफ आणि सगळ्यावर प्लास्टिकचा थर असा माल बूच म्हणूनच विकला जातो.

लिनोलियम. याचे नाव घेतले की लोकांना विनाइल आठवते, आणि दोघांत काही नाते नाही. विनाइल म्हणजे पीव्हीसी, एक प्लास्टिक. लिनोलियम फ्रेडरिक वॉल्टन यांनी इंग्लंडमध्ये शोधले, १८६३ मध्ये पेटंट घेतले; रंगाच्या डब्यात वाळलेल्या जवसाच्या तेलावर जी रबरासारखी साय धरते तीच त्यामागची कल्पना. जवसाचे तेल, राळ, लाकडाचा भुसा, बुचाची पूड, चुनखडीची पूड आणि खाली तागाचे कापड, एवढेच त्यात असते. रंग पूर्ण जाडीभर असतो, त्यामुळे ओरखडा दिसत नाही. नवीन असताना तेलाचा वास येतो. तो काही आठवड्यांत मावळतो, पण ज्यांना वास सोसत नाही त्यांनी आधी नमुना घरी ठेवून बघावा. अंधारात ठेवल्यास त्यावर पिवळी झाक येते आणि उजेडात आपोआप जाते. ती बघून माल खराब आहे असे समजू नका. तीव्र अल्कली असलेल्या साफसफाईच्या द्रवांनी मात्र ते खराब होते. साधा सौम्य साबण आणि पिळलेले फडके पुरते.

दगड, भाजलेली माती, टाइल्स. तुमचे नातेवाईक अगदीच चुकीचे नाहीत. भट्टीत हजार अंशांच्या वर भाजायला खूप इंधन जाते हे खरे, पण एकदा बसली की टाइल घरातल्या हवेत काही सोडत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दगडाला भट्टीही लागत नाही, त्याचा भार वाहतुकीत आहे. म्हणून जवळच्या खाणीचा साधा दगड हा समुद्रापार आलेल्या संगमरवरापेक्षा नेहमीच बरा. चुनखडीच्या जातीच्या दगडावर आणि संगमरवरावर आम्लाचा डाग पडतो. नमुन्यावर व्हिनेगरचा थेंब टाका, बुडबुडे आले तर तो दगड स्वयंपाकघरात नको. दगड कापताना पाणी सोडून कापायला लावा. ती धूळ कापणाऱ्याच्या फुप्फुसात कायमची बसते.

चुन्याची किंवा मातीची जमीन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. चुना सिमेंटपेक्षा कमी तापमानात भाजतो आणि घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो. मातीची जमीन म्हणजे वाळू जास्त, चिकणमाती कमी, बारीक तूस. ती थरांनी चोपून, आठवडेच्या आठवडे वाळवून, वर जवसाच्या तेलाचे चार-सहा हात दिलेली. पण तिला वेळ हवा आणि हाताला सवय असलेला कारागीर हवा. बाळ आणि आजी घरात असताना, राहत्या घरात, हे काम मी सुचवणार नाही.

काथ्या, ताग, सिसल (घायपाताच्या जातीचा तंतू), लोकर यांच्या चटया वरून टाकायला छान. मागे कुठला रबरी थर लावला आहे तेवढे बघा, आणि सिसलवर पाणी सांडू देऊ नका, डाग जात नाही.

आता तुमचे घर.

पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांतली मोझॅक काढू नका. हे मी आग्रहाने सांगतो. तिच्यातले सिमेंट बनले तेव्हाच त्याचा धूर हवेत गेला आहे. आता ती फोडून कचऱ्यात टाकण्याने काही परत येत नाही. मोझॅकचा वरचा दगडी खड्यांचा थर चांगला जाड असतो आणि घासाईत त्यातला अगदी थोडा जातो. पाणी सोडून घासाई करून घ्या, फुटलेल्या ठिकाणी त्याच रंगाचे सिमेंट आणि खडे भरून घ्या, शेवटी पॉलिश. पॉलिशला ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात, ते विषारी आहे, म्हणून ते दोन दिवस बाळाला घरात ठेवू नका आणि नंतर जमीन भरपूर पाण्याने धुऊन घ्या. वर प्लास्टिकसारखा चकचकीत लेप लावायला कोणी सुचवेल, तो घेऊ नका. खालची ओल अडते आणि लेपाचे पोपडे निघतात.

आजींच्या खोलीत प्लास्टिक ओले निघाले तर खडबडीत पृष्ठभागाचा दगड किंवा भाजलेली मातीची फरशी, आणि पलंगाशी न घसरणारी लोकरीची चटई. कोरडे निघाले तर बूच, दुसरा विचार नको.

वरच्या खोलीत कोबा जुना आणि सुका असेल, तर तिथे सुताराचे ऐका. भरीव, अरुंद फळ्या, खिळ्यांनी किंवा अडकवून, गोंदाशिवाय. तेवढा खर्च नको असेल तर लिनोलियम.

लाकडाला पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखे वॉर्निश, न लावता जवसाचे तेल आणि मेण यांचा हात द्या. पॉलियुरेथेन सुरुवातीला जास्त सोसते, पण झिजले की सबंध खोली घासावी लागते. तेलाच्या जमिनीवर डाग पडला तर तेवढाच तळहाताएवढा भाग घासून, तेल लावून, फडक्याने चोळून दुरुस्त होतो. ती चोळलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते, आणि चुरगळलेल्या फडक्यांच्या ढिगात ती साठून ती आपोआप पेट घेतात. काम संपल्यावर प्रत्येक फडके बाहेर सुटे पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवा. कारागीर निघून जाण्याआधी हे स्वतः उभे राहून बघा.

आज फक्त प्लास्टिकचे तीन तुकडे चिकटवा. दोन दिवसांनी काय दिसते ते कळवा, त्यावरून आजींच्या खोलीचे ठरवू.